कामाचा तलाव कामाचाच राहू द्या: नगर पंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व सन्माननीय सदस्य आणि मुख्याधिकारी,
नगर पंचायत

विषय: तलाव सुशोभीकरणाच्या मंजूर आराखड्यास हरकत आणि फेरविचाराची मागणी

महोदय,

आपल्या शहरातील मालगुजारी तलावाच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावाच्या, सुशोभीकरणाचा आराखडा सर्वसाधारण सभेत मंजूर झाला असून येत्या हिवाळ्यात काम सुरू होणार असल्याचे आम्हा रहिवाशांना कार्यालयात लावलेल्या नकाशावरून कळले. त्यात तलावाला चहूबाजूंनी सिमेंटची उभी भिंत दाखवली आहे. भिंतीवरून पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा रस्ता आहे, मध्यभागी संगीत कारंजे आहे, बोटिंगचा धक्का आहे आणि प्रवेशासाठी तिकीटघर आहे. ज्या उतारावर ढीवरांचे डोंगे लागतात, जिथे जाळी वाळत घातली जातात आणि पहाटे मासळीचे वजन होते, त्या जागी वाहनतळ आहे. पाटाला पाणी सोडण्याचे जुने तुडूम ज्या ठिकाणी आहे, तिथे छायाचित्रे काढण्यासाठी सज्जा आहे. तुडूम नकाशात कुठेच नाही.

माझ्या सासरची दीड एकर धानाची शेती या तलावाच्या पाटाखाली आहे, शेजारची चार घरे मासेमारीवर चालतात आणि मी स्वतः येथील शाळेत शिक्षिका आहे. ढीवर समाजाची मुले माझ्या वर्गात बसतात. मासेमारीचा ठेका लांबला किंवा मासळी कमी मिळाली, की त्याचा परिणाम मला हजेरीपटावर दिसतो. म्हणून हे पत्र कोणाचा विरोध करण्याच्या हौसेने लिहीत नाही. ज्या तलावावर आमची घरे उभी आहेत, त्याविषयी निर्णय झाला आणि आम्हाला तो नकाशावर वाचावा लागला, हे गप्प बसून मान्य करणे मला शक्य नाही.

हा तलाव कोणी आणि कशासाठी बांधला, हे आराखडा करणाऱ्यांना ठाऊक असते, तर असा आराखडा झाला नसता असे मला प्रामाणिकपणे वाटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसण्यास मिळत असे. त्यामुळे जमिनीचा उतार ओळखण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजाने गावोगाव तलावांच्या पाळी (मातीचे बांध) घातल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्याच परंपरेचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. एका तलावाच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या तलावात जावे, तिथून ते बोडीत (लहान तळ्यात) आणि बोडीतून बांधीत (धानाच्या खाचरात) उतरावे, अशी ही साखळी आहे. आपला तलाव त्या साखळीतील एक कडी आहे. वरून येणारे नाले आणि खालचे पाट यांच्यापासून तोडून त्याचा एकट्याचा विचार करणे ही या आराखड्याची मूळ चूक आहे.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले आणि पुढे त्यांची देखभाल जिल्हा परिषद, पाटबंधारे खाते आणि मत्स्यव्यवसाय खाते यांच्यात वाटली गेली. मालगुजारीतील शोषण कोणालाही परत नको आहे. परंतु दर उन्हाळ्यात पाळीवर माती घालणे, पाट मोकळे करणे आणि तुडूम तपासणे ही कामे पूर्वी ठरलेल्या घरांकडे असत. ती त्या वेळी कोणाच्याच नावावर चढली नाहीत आणि तेव्हापासून तलाव हळूहळू खचत गेला. आता तो शहराच्या हद्दीत आल्यामुळे नगर पंचायत त्याकडे लक्ष देत आहे. हे लक्ष आम्हाला हवेच होते. ते भिंत आणि कारंज्याच्या रूपाने आले, हे आमचे दुःख आहे.

सर्वांत मोठी हरकत भिंतीला आहे. पाळीच्या बाजूने, जिथे पाण्याचा दाब असतो, दगडी अस्तरीकरण करण्यास कोणाचाही विरोध नाही. ते पूर्वीच व्हायला हवे होते. परंतु तलावाची वरची बाजू, जिथे जमीन अगदी हळू उतरत पाण्यात जाते आणि पाणी गुडघाभर असते, तीच तलावाची खरी जिवंत बाजू आहे. मृगाचा पाऊस पडून पाणी चढू लागले, की मासे या उथळ भागात अंडी घालण्यासाठी येतात. मरळ माशाची जोडी पाणवनस्पतींमध्ये जागा करते आणि तांबूस रंगाच्या पिलांचा पुंजका पृष्ठभागाजवळ हलत असतो, तोवर नर-मादी त्याच्या खाली राखण करत फिरतात. जाणते ढीवर त्या दिवसांत त्या जोडीवर जाळे टाकत नाहीत, कारण ती जोडी गेली तर पिले एका दिवसात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. मरळ, वागूर, सिंगी हे मासे बाहेरून आणून सोडावे लागत नाहीत. त्यांना फक्त काठ लागतो. रोहू, कटला आणि मृगळ यांचे मत्स्यबीज तलावात सोडतात खरे, पण ते साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, म्हणून दर वर्षी ते विकत आणावे लागते. उभी भिंत बांधून उथळ काठ बुजवला, तर फुकट मिळणारी देशी मासळी संपेल आणि विकतच्या बीजावर संपूर्ण धंदा अवलंबून राहील. देवधान, कमळ, पोवन या वनस्पतींची जागाही तीच आणि हिवाळ्यात येणाऱ्या बदकांची चरण्याची जागाही तीच.

भिंतीचा दुसरा परिणाम पाण्याच्या येव्यावर होईल. तलावात तीन नाले येतात. नकाशात त्या प्रत्येकाच्या तोंडाशी भिंतीखालून एक पाइप दाखवला आहे. ज्यांनी श्रावणातील झड पाहिली आहे, त्यांना हे पाणी पाइपात मावणार नाही हे सांगावे लागत नाही. ते पाणी भिंतीमागे तुंबेल आणि वरच्या वस्तीतील मातीच्या घरांत शिरेल. त्या वस्तीत घरपट्टी भरणारी पण आराखड्यावर कधीही सही न मागितलेली माणसे राहतात.

बोटींसाठी सांडव्याची उंची वाढवून वर्षभर एकाच पातळीवर पाणी ठेवण्याचा प्रस्ताव तर मला सर्वाधिक अस्वस्थ करतो. या तलावातील पाणी उतरण्यासाठीच साठवलेले असते. रोवणी पावसावर होते, पण परतीचा पाऊस दगा देतो आणि धान पोटरीवर येऊन निसवण्याच्या वेळी बांधी कोरडी पडते. त्या पंधरा-वीस दिवसांत तुडूमातून सोडलेले एक पाणी म्हणजे भरलेली लोंबी आणि न सोडलेले पाणी म्हणजे पोचट धान. जुन्या तुडूमात वरून खाली एकाखाली एक भोके आहेत आणि ती लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली असतात. पाणी उतरेल तसा खालचा गुट्टा काढायचा. वरचे कोमट पाणी आधी जाते, दाब बेताचा राहतो आणि पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यालाही वाटा मिळतो. बोटिंगच्या करारात वर्षभर किमान पातळी राखण्याचे बंधन घातले, तर ऐन गरजेच्या वेळी शेतकऱ्याने पाणी मागायचे कोणाकडे, ठेकेदाराकडे? आणि सांडवा उंच केल्याने वरच्या अंगाची जी धानशेती पाण्याखाली जाईल, तिच्या मोबदल्याचा आराखड्यात एका ओळीचाही उल्लेख नाही.

पाणी उतरणे तलावासाठीही आवश्यक आहे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावर ऊन लागते, गवत येते, गुरे चरतात, काही कुटुंबे गाळपेर करून काकडी-कलिंगडाचे दोन पैसे मिळवतात आणि पाणवनस्पतींचे बी तिथेच रुजते. पुन्हा पाणी चढले की हीच वनस्पती माशांचे अन्न आणि आसरा होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात महिलांच्या गटांनी तलावांतील बेशरम ही माजणारी झुडपी वनस्पती उपटून काढली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तिथे मासळी सुधारल्याचा अनुभव आहे. आपल्या आराखड्यासाठी सल्लागार संस्था नेमताना या शेजारच्या तालुक्यात एकदा जाऊन यावे असे कोणालाही वाटले नाही, याचे वाईट वाटते.

गाळ काढण्याविषयी थोडक्यात. गाळ काढायलाच हवा आणि शासनाच्या २०१७ च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे तो शेतात नेणे शक्यही झाले आहे. मात्र जेसीबी लावून सगळा तळ एका खोलीचा करणे म्हणजे गाळ काढणे होत नाही. त्याने कमळाचे आणि इतर वनस्पतींचे कंद मुळासकट जातात आणि उथळ-खोल हा फरकच नाहीसा होतो. कुठे किती खोदायचे हे ढीवर आणि शेतकरी यांना सोबत घेऊन ठरवता येईल.

सांडपाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बाजार चौक आणि त्यामागील नव्या वसाहतींची उघडी गटारे थेट तलावात येतात. या पाण्यातील साबण, मैला आणि खरकटे यांमुळे नत्र आणि स्फुरद वाढते, त्यावर जलपर्णी आणि हिरवे शेवाळ माजते, ते सडले की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि ढगाळ हवेत पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. गेल्या पावसाळ्यात तर सकाळी काठाला मेलेल्या मासळीचा थर लागला होता. तो दिवस माझ्या शेजारच्या बाईंनी रिकामी टोपली उंबऱ्यात ठेवून काढला. मंजूर आराखड्यात दिवे, कमानी, कारंजे आणि तिकीटघर या प्रत्येक बाबीसाठी तरतूद आहे. सांडपाणी अडवून शुद्ध करण्यासाठी तरतूद नाही. तेच पाणी कारंज्यातून उडवले जाणार आणि काठाने फिरणाऱ्या लहान मुलांच्या अंगावर त्याचे तुषार येणार. हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि आरोग्य ही नगर पंचायतीची पहिली जबाबदारी आहे.

मासेमारी संस्थेच्या ठेक्याची मुदत संपत आली असताना नूतनीकरणाच्या अर्जावर निर्णय रखडला आहे. सभासदांना तोंडी सांगितले जाते की बोटिंग सुरू झाल्यावर मासेमारी चालू ठेवता येईल की नाही ते नंतर पाहू. ढीवर समाज भटक्या जमाती प्रवर्गात मोडतो आणि या कुटुंबांपैकी बहुतेकांकडे सातबारा नाही. तलाव हीच त्यांची शेती. ज्यांच्याकडे दाखवायला कागद नाही, त्यांच्या उपजीविकेचा निर्णय तोंडी आणि तो नंतर, हे कोणत्याही प्रशासनाला शोभणारे नाही.

तिकीटघराबद्दलही बोलले पाहिजे. या घाटांवर बायका धुणे धुतात, गुरे पाण्यावर येतात, दहाव्याचे विधी होतात, भुजल्या (सणासाठी उगवलेले गव्हाचे कोंब) आणि गणपती विसर्जित होतात. निस्ताराचे, म्हणजे रोजच्या गरजांसाठी सामाईक वापराचे, हे हक्क शहर झाल्यामुळे नाहीसे होत नाहीत. आपल्याच तलावाच्या काठी जाण्यासाठी आपल्याच लोकांनी तिकीट काढावे, ही कल्पना सभेत मंजूर होताना एकाही सदस्याने हरकत घेतली नाही, हे कार्यवृत्तांत वाचताना मला फार लागले. आपल्यापैकी अनेकजण याच तलावात पोहायला शिकले आहेत.

कायद्याची बाजूही मी माझ्या परीने समजून घेतली आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे वगळलेले आहेत, त्यामुळे आमच्या तलावाला त्या नियमांचे संरक्षण नाही असे मला कार्यालयात ऐकवण्यात आले. हे वगळणे मला अन्यायाचे वाटते, कारण पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात मानवनिर्मित पाणथळ जागाही धरलेल्या आहेत. तरीही नियमातून सूट म्हणजे मनाला येईल ते करण्याची मुभा नव्हे. सार्वजनिक तलाव आणि सामाईक जमिनी यांचे रक्षण झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या हिंचलाल तिवारी आणि २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणांत स्पष्ट सांगितले आहे. नागपूरच्या फुटाळा तलावावरील कारंज्याचा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ च्या त्या निकालात फुटाळा ही नियमांच्या अर्थाने पाणथळ जागा नाही असे ठरले, पण सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू असल्याचे न्यायालयाने म्हटले. याचा साधा अर्थ असा, की नगर पंचायत या तलावाची मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून निर्णय घेत आहे. विश्वस्ताने ज्यांच्यासाठी विश्वस्तपद आहे त्यांना विचारावे लागते.

शहरातील लोकांना संध्याकाळी बसायला जागा हवी, म्हाताऱ्या माणसांना चालायला सपाट वाट हवी, पाळीवर दिवे हवेत, हे मलाही मान्य आहे. शाळेतून परतताना अंधारात पाळीवरून येणाऱ्या मुली मी रोज पाहते. पाळीच्या शहराकडील भागात मुरमाची वाट, जुनी झाडे न तोडता त्यांच्या सावलीत बाक, खाली प्रकाश टाकणारे दिवे आणि स्वच्छ घाट एवढे केले, तरी पुष्कळ होईल. त्यासाठी संपूर्ण तलाव भिंतीत घेण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर आमची मागणी आहे, की सध्याच्या आराखड्यानुसार निविदा काढू नये आणि संपूर्ण आराखडा, अंदाजपत्रक व सल्लागार संस्थेचा अहवाल मराठीतून सर्वांना पाहण्यासाठी खुला करावा. त्यानंतर तलावाच्या काठीच, कामाचे दिवस वगळून, जाहीर सुनावणी घ्यावी आणि तिला मत्स्यव्यवसाय, पाटबंधारे व कृषी खात्यांचे अधिकारी हजर असावेत. चहूबाजूंची भिंत आणि सांडव्याची वाढीव उंची हे दोन भाग रद्द करावेत. यात तडजोडीला जागा आहे असे आम्हाला वाटत नाही. तिकीटघर वगळावे. कारंज्यासाठी ठेवलेली रक्कम आधी सांडपाणी अडवण्यासाठी आणि शुद्ध करण्यासाठी वळवावी, आणि गटारांचे पाणी तलावाबाहेर गेल्याशिवाय कोणतेही सुशोभीकरण करू नये. मासेमारी संस्थेच्या ठेक्याचे नूतनीकरण व्हावे अशी लेखी शिफारस नगर पंचायतीने संबंधित खात्याकडे करावी आणि डोंगे लावण्याची जागा नकाशात त्याच नावाने दाखवावी. तलावाच्या देखरेखीसाठी एक कायम समिती नेमावी, तिच्यात पाटाखालचे शेतकरी, ढीवर संस्थेचे सभासद, घाट वापरणाऱ्या महिला आणि वरच्या वस्तीतील रहिवासी निम्म्याहून अधिक असावेत, आणि पाणी केव्हा व किती सोडायचे याविषयी त्या समितीचे मत बंधनकारक असावे.

या पत्राची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयास देत आहे. पाटाखालच्या आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांच्या सह्यांचे निवेदन स्वतंत्रपणे सादर होईल. इतर मागण्यांवर विचार करण्यास सभेला वेळ लागेल हे आम्ही समजू शकतो. तुडूमाची दुरुस्ती मात्र येत्या उन्हाळ्यात, तळ उघडा पडताच हाती घ्यावी. खालचे दोन गुट्टे कुजले आहेत, तिथून पाणी सतत झिरपते आहे आणि एकदा पाणी चढले की पुढचे वर्षभर तिथपर्यंत हात पोहोचत नाही.

आपली विश्वासू,
पाटाखालील एक शेतकरी कुटुंबातील शिक्षिका व रहिवासी